वऱ्हाडातील खडकांचे थर व त्यांची बदलती नावे

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढू लागले म्हणजे डोंगराची कड पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेली दिसते. उभा काळा कातळ, त्यावर थोडी सपाटी, पुन्हा कातळ, पुन्हा सपाटी. अकोट बाजूने नरनाळ्याकडे पाहिले तरी हाच आकार नजरेस पडतो. स्वीडिश भाषेत जिन्याला ‘ट्राप्पा’ म्हणतात. त्यावरून यूरोपातील खडकांच्या अभ्यासकांनी अशा पायऱ्यांच्या काळ्या पाषाणास ‘ट्रॅप’ म्हणण्याचा प्रघात पाडला, आणि १८३३ साली कर्नल साईक्स ह्या अधिकाऱ्याने दख्खनच्या भूरचनेवर लिहिताना तेच नाव आपल्याकडील खडकास लावले. ‘दख्खनचा ट्रॅप’ हे शालेय भूगोलातील नाव असे एका जिन्यावरून आलेले आहे.

परंतु शिक्षकास आज एवढ्या एका नावावर भागविता येत नाही. गावात विहिरीचा किंवा विंधन विहिरीचा अहवाल आला, की तो वाचून समजावून देण्याचे काम बहुधा शाळेकडेच येते. त्या अहवालात ‘अजिंठा शैलसमूह’ असे लिहिलेले असते. जुन्या पुस्तकात ‘लामेटा माला’ असते, तर नव्या नकाशात ‘लामेटा शैलसमूह’. एखादे पुस्तक खडकाचे वय इओसीन म्हणते, दुसरे क्रिटेशस म्हणते. विद्यार्थी विचारतो, ह्यांतले खरे कोणते? पालक त्याहून अडचणीचा प्रश्न विचारतो : ज्यांना खडकाचे नाव नक्की ठरविता येत नाही, त्यांनी दाखविलेल्या जागी पैसे घालून विहीर खणावी काय? ह्या दोन्ही प्रश्नांस नीट उत्तर देता यावे म्हणून नावे कशी ठरतात व का बदलतात, हे शिक्षकास ठाऊक असणे इष्ट आहे.

प्रथम थर म्हणजे काय ते पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीस पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त शिलारस वर आला व दूरवर पसरला. एक लोट येऊन थिजला की काही काळ शांततेचा जाई, मग दुसरा लोट येई. प्रत्येक लोटाचा खालचा व मधला भाग सावकाश निवाल्यामुळे घट्ट व जड होतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहतात व तो सच्छिद्र होतो. ह्या छिद्रांत पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजे भरली, म्हणजे त्याच पांढऱ्या गारगोट्या होतात. मुले त्या खिशात घालून शाळेत आणतात. दोन लोटांमधील काळ पुरेसा लांबला तर खालच्या लोटाचा माथा झिजून, कुजून त्याची तांबडी माती बनते, आणि वरून आलेल्या नव्या लोटाखाली ती भाजून पक्की होते. विहिरीच्या कडेत हाताएवढ्या किंवा त्याहून जाड तांबड्या पट्ट्याच्या रूपाने ती दिसते. असा पट्टा लागला म्हणजे एक लोट संपून दुसरा सुरू झाला, असे बहुधा समजावे.

ह्यांतील कोणता थर खालचा व कोणता वरचा, हे ठरविण्याचा नियम निकोलस स्टेनो ह्याने १६६९ साली मांडला. उलथापालथ झालेली नसेल तर खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा. नियम इतका साधा आहे की तो कोणास सांगावा लागतो ह्याचेच नवल वाटावे. पण पुढील सर्व शास्त्र ह्याच्याच पायावर उभे आहे. अडचण येते ती दुसरीकडे. चिखलदऱ्याच्या घाटातील चौथा कातळ आणि पातूरच्या घाटातील दुसरा कातळ हे एकच होत की निराळे? मध्ये पूर्णेचे खोरे आहे, कातळ सलग नाही, आणि दिसावयास दोन्ही सारखेच काळे. नामकरणाचा सारा खटाटोप ह्या प्रश्नातून निर्माण झालेला आहे.

नाव देण्याचे नियम आता ठरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९७६ साली निघाली. भारतापुरती संहिता त्यापूर्वीच, १९७१ साली, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रसिद्ध केली होती. त्यांचा आशय असा. नकाशावर दाखविता येईल असा, शेजारच्या खडकांहून ओळखू येणारा थरांचा जुडगा म्हणजे ‘शैलसमूह’. हे मूळ माप. शैलसमूहाचे लहान भाग पाडता येतात. ज्वालामुखी खडकांत सर्वांत लहान भाग म्हणजे एक लाव्हालोट. अनेक शैलसमूह मिळून ‘गट’ व अनेक गट मिळून ‘महागट’ होतो. शैलसमूहास नाव द्यावयाचे ते गावाचे, घाटाचे, नदीचे किंवा डोंगराचे, आणि जेथे तो उत्तम रीतीने दिसतो तेथील. ती जागा त्याची नमुन्याची जागा ठरते. तेथे त्याचा तळ कोठे, माथा कोठे, जाडी किती, हे लिहून ठेवावे लागते, म्हणजे शंका आली की पुढचा माणूस तेथे जाऊन पडताळा पाहू शकतो. एकदा एका समूहास दिलेले नाव दुसऱ्यास द्यावयाचे नाही. हा नियम किती आवश्यक आहे हे वऱ्हाडातील शिक्षकास सांगावयास नको : आपली पूर्णा तापीस मिळते, मराठवाड्यातील पूर्णा गोदावरीस मिळते, आणि गुजरातेतून समुद्रास मिळणारी पूर्णा तिसरीच. गावाचे नाव पुढे बदलले तरी खडकाचे बदलत नाही. एलिचपूरचे अचलपूर झाले. एखाद्या शैलसमूहास पूर्वी एलिचपूरचे नाव पडले असते तर ते तसेच चालू राहिले असते.

‘माला’ जाऊन ‘शैलसमूह’ का आला, त्याचे उत्तरही ह्यातच आहे. जुने भूवैज्ञानिक खडकांच्या जुडग्यास ‘माला’ किंवा ‘संघ’ म्हणत, आणि त्याच शब्दांनी कालखंडही सुचवीत. म्हणजे वस्तू आणि वय दोन्ही एकाच शब्दात गुंतलेली असत. वयाविषयीचे मत बदलले की वस्तूचेही नाव डळमळे. नव्या नियमांनी ही गाठ सोडविली. खडकाचे नाव खडकावरून, वयाचे नाव वयावरून. म्हणून लामेटा माला ‘लामेटा शैलसमूह’ झाली, आणि गोंडवन संघ ‘गोंडवन महागट’ झाला. खडक जागचा हलला नाही, की त्यावरील ज्ञान खोटे पडले नाही.

शेतकऱ्याच्या मुलास हे समजावून देण्यास सातबाराचा दाखला पुरे होतो. एकाच वावरास जुना सर्व्हे नंबर असतो, नवा गट नंबर असतो, आणि घरात त्याला ‘चिंचेचे वावर’ म्हणतात. वावर एकच. परंतु विक्रीच्या कागदात चुकीचा नंबर पडला तर मात्र कोर्टकचेरी होते. खडकाचेही तसेच आहे.

वयाचा वाद हा ह्या विषयातील फार रंजक भाग होय, आणि त्याचा आरंभ वऱ्हाडाच्या डोंगरात आहे. गाविलगड म्हटले की १८०३ ची लढाई आठवते. पण भूविज्ञानाच्या इतिहासात त्या डोंगराचे नाव दुसऱ्याच कारणाने आले आहे. दक्षिण हिंदुस्थानाची त्रिकोणमितीय मोजणी करीत उत्तरेस येणारे कर्नल लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाट येथे वारले. त्यांच्या मोजणी पथकात डॉक्टर हेन्री व्हॉयसी हे शस्त्रवैद्य व खडकांचे जाणकार होते. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात व्हॉयसी ह्यांस गाविलगडाच्या रांगेत दगड बनलेले शिंपले सापडले. त्यांविषयीचा त्यांचा लेख पुढे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केला. तो पाहण्यास व्हॉयसी राहिले नव्हते. १८२४ साली त्यांचे देहावसान झाले.

तप्त शिलारसाच्या दोन थरांमध्ये शिंपले कोठून आले? दोन लोटांमधील शांततेच्या काळात सपाटीवर तळी साचली, त्यांत गोगलगाई वाढल्या, काठी झाडे उगवली, गाळ बसला, आणि पुढच्या लोटाने ते सर्व झाकून टाकले. अशा गाळाच्या थरांस ‘अंतःट्रॅपी थर’ म्हणतात. ते गोड्या पाण्याचे आहेत. नागपूर येथे १८४५ पासून राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी आपले सहकारी हंटर ह्यांच्यासह नागपूर भागातील अशाच थरांतून शिंपले, फळे, बिया, किडे ह्यांचे अवशेष जमविले व १८५५ साली त्यांचे वर्णन छापले. त्यांवरून त्यांनी हे थर इओसीन काळाचे ठरविले. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील ब्लॅनफर्ड ह्यांचा कल ते त्याहून जुने, क्रिटेशस, मानण्याकडे होता. १९३० नंतरच्या दशकात प्राध्यापक बिरबल साहनी ह्यांनी वनस्पतींचे अवशेष तपासले व पुन्हा इओसीनच्या बाजूने कौल दिला. शंभर वर्षे दोन्ही पक्षी मोठी माणसे होती, आणि दोघांच्या हाती खरे पुरावे होते.

ह्यात एक गंमतीची गोष्ट आहे. हिस्लॉप लिहीत होते तेव्हा क्रिटेशसनंतर थेट इओसीन येई. मधला ‘पॅलिओसीन’ हा काळ १८७४ साली प्रथम निराळा काढण्यात आला. म्हणजे हिस्लॉप ह्यांच्या इओसीनपैकी सर्वांत जुना भाग पुढे दुसऱ्याच नावाच्या कोठारात गेला. तसेच ‘टर्शरी’ ह्या जुन्या विशाल कालखंडाचे. ते नाव अधिकृत कालमापनातून आता गेले असून त्याच्या जागी पॅलिओजीन व निओजीन अशी दोन नावे आहेत. म्हणून जुन्या पुस्तकातील काळाचे नाव वाचताना ते त्या वेळी कोठपासून कोठपर्यंत धरीत, हे पाहिल्यावाचून त्यास चूक म्हणू नये.

वादाचा निकाल लागला तो किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या मापनाने व खडकांच्या चुंबकत्वाने. लाव्हा निवताना त्यातील लोहयुक्त कण त्या वेळच्या उत्तर-दक्षिण दिशेत स्थिर होतात. पृथ्वीच्या चुंबकाची दिशा इतिहासात अनेकदा उलटलेली आहे, आणि दख्खनच्या लाव्ह्याचा फार मोठा भाग अशाच एका उलट्या काळात थिजला. हे, व वयाची मापने, ह्यांवरून असे दिसून आले की बहुतेक लोट सुमारे दहा लाख वर्षांच्या आत, क्रिटेशसचा शेवट व पॅलिओसीनचा आरंभ ह्यांच्या सीमेवर येऊन गेले. मुंबईकडील काही खडक मात्र त्याहून नंतरचे आहेत.

ह्या शोधाने जुनी वर्गवारीही मोडली. पूर्वी ट्रॅपचे तीन भाग करीत : नागपूर व त्याच्या पूर्वेकडील तो खालचा, माळवा व मध्य भारताकडील तो मधला, मुंबई-काठेवाडकडील तो वरचा. ह्याचा मुख्य आधार गाळाचे अंतःट्रॅपी थर कोठे सापडतात व कोठे नाहीत, हा होता. अनेक पिढ्यांनी हेच पाठ केले. परंतु तळे साचणे हे स्थानिक परिस्थितीवर अवलंबून असते. एकाच काळात एका गावी तळे असेल, दुसऱ्या गावी नसेल. तळे आहे किंवा नाही एवढ्यावरून वय ठरविणे कच्चेच होते, आणि ते इतकी वर्षे कसे चालले हे आश्चर्य आहे. आज पूर्वेकडील पुष्कळ लोट सह्याद्रीच्या वरच्या भागातील लोटांशी रासायनिक दृष्ट्या साम्य दाखवितात. पश्चिम घाटातील लाव्ह्याचे लोट तर आंध्रातील राजमहेंद्रीपर्यंत, सुमारे एक हजार किलोमीटर, गेले असावेत असे मानण्यास आधार आहे.

नवी वर्गवारी सह्याद्रीत १९८० नंतरच्या दशकात उभी राहिली. घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत प्रत्येक लोटाचा तुकडा घेऊन त्यातील टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम इत्यादींचे प्रमाण मोजण्यात आले. डोळ्यांस सारखे दिसणारे कातळ प्रयोगशाळेत निराळे ठरले. त्यावरून ‘दख्खन बेसॉल्ट गट’, त्यात कळसूबाई, लोणावळा व वाई हे तीन उपगट, आणि त्यांखाली जव्हारपासून देसूरपर्यंत बारा शैलसमूह अशी मांडणी झाली. त्यांपैकी आंबेनळी शैलसमूहाचे नाव महाबळेश्वर व पोलादपूर ह्यांमधील घाटावरून आले आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने मात्र नकाशे करताना लोटांचे बाह्य स्वरूप, त्यांतील मोठे स्फटिक, अशा शेतात उभे राहून दिसणाऱ्या खुणा धरल्या, व त्यावरून निराळी नावे दिली. अजिंठा, चिखली, बुलढाणा हे शैलसमूह त्या मांडणीतील होत. दोन्ही मांडण्या आज चालू आहेत. एक रसायनाची वही, दुसरी नजरेची वही. विहिरीच्या कामी दुसरीचा उपयोग अधिक, कारण गवंडी व विंधक प्रयोगशाळा घेऊन हिंडत नाहीत.

ट्रॅपच्या खाली काय आहे, हे वऱ्हाडात फार थोड्या जागी दिसते. मोर्शी तालुक्याच्या उत्तर टोकास सालबर्डी येथे महाशिवरात्रीच्या यात्रेस हजारो लोक जातात. तेथील निम्मा परिसर अमरावती जिल्ह्यात व निम्मा मध्यप्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात आहे. तेथे भूभंगामुळे खालचे खडक वर उघडे पडले आहेत : तळाशी अतिप्राचीन स्फटिकी खडक, त्यावर गोंडवनचे वालुकाश्म, त्यावर चुनखडीयुक्त थर, आणि सर्वांवर काळा ट्रॅप. बहिरम-बेलखेड बाजूसही असे खडक आहेत. ह्यांतील चुनखडीयुक्त थरांस पूर्वी नुसते ‘ट्रॅपखालचे थर’ म्हणत. लामेटा हे नाव जबलपूरजवळ नर्मदेवरील लामेटा घाटाचे ; ते सालबर्डीहून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मग तेथले नाव येथे कसे चालते? एक तर दोन्हीकडे खडकाची जात सारखी. दुसरे, दोन्हीकडे तो ट्रॅपच्या लगेच खाली. तिसरा पुरावा जीवाश्मांचा. जबलपूरला डायनोसॉर ह्या प्रचंड सरीसृपांची हाडे १८२८ साली कॅप्टन स्लीमन ह्यांस मिळाली होती, आणि सालबर्डीच्या थरांत अशा प्राण्यांच्या अंड्यांचे घरटे मिळाल्याचे वृत्त २०१५ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीन पुरावे जुळले म्हणजे नाव इतक्या दूर नेता येते. नुसता रंग जुळला म्हणून नेता येत नाही. सहलीस मुलांना तेथे नेणाऱ्या शिक्षकांनी एक काळजी घ्यावी. गोल दगड दिसला की उचलून शाळेच्या कपाटात ठेवण्याची हौस आवरावी. जागेवरून हललेल्या जीवाश्माचा थर सांगता येत नाही, आणि थर सांगता आला नाही की त्याचे अर्धे मोल गेले.

राहिले पूर्णेचे खोरे. येथे नावाचा संबंध सरळ घागरीतील पाण्याशी येतो. सातपुड्याच्या पायथ्याशी मोठा भूभंग आहे. त्याच्या दक्षिणेकडील जमीन खचली व त्या खळग्यात नदीचा गाळ शेकडो फूट जाड साचला. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, बाळापूर ह्या भागांत ‘खारपाण पट्टा’ म्हणतात तो ह्याच गाळाचा. चिकण माती, पाण्याचा मंद निचरा व बेताचा पाऊस, ह्यांमुळे त्यातील क्षार धुऊन गेले नाहीत. एके काळी ह्या पट्ट्यातील खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करीत. परंतु ‘पूर्णेचा गाळ’ ह्या एकाच नावाखाली सर्व काही घातले की घोटाळा होतो. डोंगराच्या अगदी पायथ्याशी गोटे व जाड वाळू ह्यांचा पट्टा आहे. तो डोंगरातून उतरलेल्या ओढ्यांनी आणून टाकला, त्यातून पाणी जोराने मुरते व ते गोडे असते. तेथे संत्र्याच्या बागा उभ्या राहिल्या त्या ह्याच पाण्यावर, आणि उपशाचे प्रमाण इतके वाढले की विहिरी खोल खोल जात आहेत. थोडे दक्षिणेस गेले की बारीक माती व खारे पाणी. दोन्ही गाळच ; पण जो अहवाल दोहोंस एक नाव देऊन थांबतो, तो शेतकऱ्याच्या काही उपयोगाचा नाही. दक्षिणेस बार्शीटाकळी-पातूरकडे पुन्हा ट्रॅप लागतो. तेथे पाणी खडकाच्या फटींत व सच्छिद्र, कुजलेल्या भागात असते. तांबडा पट्टा स्वतः फारसे पाणी देत नाही, उलट वरून उतरणारे पाणी अडवितो. म्हणून त्याच्या वरच्या खडकात ते सापडण्याचा संभव असतो. तोच पट्टा विंधन विहिरीत ओला होऊन ढासळतो, तेथे नळी घालावी लागते.

पालकाच्या प्रश्नास उत्तर द्यावयाचे ते ह्या आधाराने. अहवालात नाव कोणतेही असो. किती फुटांवर माती संपली, किती फुटांवर मुरूम, घट्ट कातळ केव्हा लागला, सच्छिद्र भाग किती, तांबडा पट्टा आहे काय, पाणी कोठे लागले व चवीस कसे, एवढे त्यात आहे की नाही ते पाहावे. हे असेल तर अहवाल विश्वासार्ह समजावा. नसेल तर नाव कितीही भारदस्त असले तरी पुन्हा विचारणा करावी.

गावात नवी विहीर खणली जात असता हीच माहिती शाळेत टिपून ठेवणे सोपे आहे. बांधकाम चढले की थर कायमचे झाकले जातात. तेव्हा कठडा बांधण्यापूर्वी वरच्या वर्गातील मुलांस काठावरून, दोराच्या आत न जाऊ देता, थर दाखवावेत. विहीर कोणाच्या वावरात, गट नंबर काय, तारीख कोणती, हे वरती लिहावे. गवंड्यास विचारून प्रत्येक थराची खोली फुटांत नोंदवावी व प्रत्येक थराचा मुठीएवढा तुकडा, खोलीची चिठ्ठी बांधून, पेटीत ठेवावा. थरास शैलसमूहाचे नाव देण्याची घाई करू नये. ‘काळा घट्ट, गारगोट्या नाहीत’, ‘तांबडा, हाताने फुटतो’, असे आपल्या शब्दांत लिहिलेले वर्णन उद्या वर्गवारी पुन्हा बदलली तरी उपयोगी पडेल, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा मनुष्य गावात आला की ती वही त्याच्यापुढे ठेवता येईल.